डावीकडची झांज

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

कांजूरमार्ग (पूर्व),
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नंदू हिस,

मोठ्या जावेचे पोटभर आशीर्वाद. जयवंतभाऊजींची कंबर, तुझ्या कोंबड्या आणि परसातला लाल माठ, तिघांची खबर कळव. आम्ही सगळे बरे आहोत आणि एकमेकांच्या डोक्यावर बसून आहोत, म्हणजे नेहमीसारखेच.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुझ्या घरात रेंज नाही, तू फोन घेऊन देवळामागच्या सड्यावर चढतेस, तिथे वारा भणाणत असतो आणि तुझं बोलणं मला अर्धंच कळतं. मागच्या वेळी तू काहीतरी सांगितलंस आणि मी आपलं "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिले. नंतर सिद्धेशने सांगितलं की तुमची म्हैस गेली. त्या मोबाईल कंपनीला मी चार शिव्या घातल्या. म्हशीचं ऐकून फार वाईट वाटलं गं. पत्रात निदान शब्द गळत नाहीत.

आता घरातली मोठी बातमी. माझ्याविरुद्ध ठराव पास झाला आहे. मी मोबाईलवर भजनं फार मोठ्यानं लावते म्हणे. तुला इथलं ठाऊक आहे, संध्याकाळी कचऱ्याच्या डम्पिंगकडून वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, मग आवाज जाणार कुठे? श्रुतिका आठवड्यातून तीन दिवस घरूनच ऑफिस करते. तिच्या साहेबाने मिटिंगमध्ये विचारलं, "तुमच्याकडे रोज पूजा असते का?" सूनबाई मला काही बोलली नाही, सिद्धेशला बोलली. सिद्धेश म्हणाला, "आई, तुला झकास हेडफोन घेऊन देतो. तू ऐक, आम्हाला सोड."

मी म्हटलं, घ्यायचे तर चांगलेच घ्यायचे. कानात बोंडं कोंबायची ती तऱ्हा मला नको. पंचवीस वर्षं पेटीवर बसून भजनाची बुवागिरी केलेली बाई आहे मी, मला पखवाज पखवाजासारखा ऐकू आला पाहिजे.

हेडफोनच्या परीक्षेसाठी काय लावते माहीत आहे? आपल्या दोघींच्या शेवटच्या डबलबारीचं रेकॉर्डिंग. तू गावी जायच्या आधीची, माघी गणपतीला दोन भजनी मंडळांत समोरासमोर रंगलेली ती बारी. त्या साउंडवाल्याने दोन माईक लावले होते, एक तुझ्या झांजेपाशी आणि एक सईच्या पखवाजापाशी. म्हणजे आपण बसतो तसंच ऐकू येतं. मध्ये पेटी आणि मी, उजवीकडे सई, डावीकडे तू.

पहिले हेडफोन ऑनलाइन मागवले. सई पखवाजाच्या मोठ्या तोंडाला, धुमेला, कणीक लावते ना, त्याचा आवाज कसा गोल येतो, पोटातून आल्यासारखा. ह्यात नुसतं धाड धाड, वरातीतल्या डीजेसारखं. आणि डावी बाजू मेलेली. तुझी झांज नावाला नाही. परत पाठवले. दुसरे आले ते बरे होते. पेटीचे सूर वेगवेगळे कळत होते, दोन ओळींच्या मध्ये मी घेतलेला श्वाससुद्धा कळला. पण डावी बाजू पुन्हा मेलेली. ह्या कंपन्यांचं डाव्या कानाशी काय वाकडं आहे कळत नाही. सिद्धेशने स्वतः घालून बघितले आणि म्हणाला, "आई, दोन्हीकडून येतोय आवाज." मी म्हटलं, तुला झांज कळते कुठे.

तर तेही परत गेले. आता मी स्वतःच घाटकोपरला दुकानात जाणार आहे. माणसाने भाजी आणि वाजणारी वस्तू हातात घेऊनच निवडावी.

झांजेवरून आठवलं. ह्या गणपतीत आरतीला तुझी झांज फार बारीक वाटली मला. खाऱ्या वाऱ्याने पितळ बसलं असेल. चिंच लावून घास. आपल्या मंडळात तुझ्या जागी सपना बसते, तिचंही तेच. हात हलतो पण आवाज निघत नाही. रोज ओरडते तिच्यावर. यंदा माघी गणपतीला घाटकोपरच्या बायकांबरोबर बारी ठरली आहे. त्यांची बुवा तरुण आहे, चांगली गाते आणि तिला ते माहीत आहे. तू पाहुणी म्हणून बसायला येणार असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे, तुला न विचारता.

तुझी,
नलूताई


कांजूरमार्ग,
दत्तजयंती, ४ डिसेंबर २०२५

प्रिय नंदू,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ लिहिलीस, "ताई, माका खरा सांग, कानाचा काय?" कागद फुकट येतो का गं? कानाचं काही नाही. कानाला काय व्हायचंय.

माल मिळाला, ते सांगायला लिहिते आहे. घाटकोपरला स्टेशनजवळ केतनभाईंचं दुकान आहे. केतनभाई माल दाखवतात आणि त्यांची बायको तेजलबेन गल्ल्यावर बसून सगळ्यांकडे बघत असते. दुकान छोटं आहे, पण मागे एक काचेची खोली आहे. दार लावलं की रस्ता गायब होतो. मला त्या खोलीतच राहावंसं वाटलं.

केतनभाईंनी आधी मागून जाळी असलेले दिले. काय सांगू, डोक्यावर वजन म्हणून नाही, आणि आवाज असा मोकळा, जसं काही देवळाच्या सभामंडपात बसले आहे. पण त्यांतला आवाज बाहेर गळतो. म्हणजे साहेबाला पुन्हा पूजा ऐकू जाणार. मग पाठ बंद असलेले घातले. त्यांची गादी मऊ असली पाहिजे, नाहीतर अर्ध्या तासात कान पोळतो. वरची पट्टी माझ्या अंबाड्यावर अडत होती, तर तेजलबेनने गल्ल्यावरून उठून माझा अंबाडा जरा खाली घेऊन दिला. मला वायरवाले हवे होते. चार्जिंग विसरायला घरात माणसं आधीच पुष्कळ आहेत.

तिसरे जे घातले ते मनात भरले. पखवाज गोल, पेटी गोड, माझा स्वतःचा आवाज ऐकून मलाच लाज वाटली, इतका स्वच्छ. पण डावीकडे काही नाही. मी ते काढले आणि केतनभाईंना विचारलं, "दुकानात सगळा माल एका कानाचाच भरलाय का?" आणखी एक जोड दिला. तोही तसाच. मग माझा पारा चढला. म्हटलं, "मी कांजूरवरून आलेय, मला येडी समजू नका. ह्यात माझ्या जावेची झांज आहे. अशी बाजूला बसून वाजवलीय तिने, ती कुठे गेली ते सांगा."

केतनभाई काहीतरी बोलणार होते. तेजलबेनने त्यांना हाताने थांबवलं. माझ्याजवळ आली, हेडफोन हळूच काढले, उलटे केले आणि परत घातले. डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. म्हणाली, "आता ऐका ना, मावशी."

नंदू, तू आलीस. उजव्या कानात. गजर चढायला लागला होता, तू पहिल्या ठोक्याला अंगठा जरा दाबून धरतेस ना, तो तसाच दाबलेला ऐकू आला, आणि मग मोकळी सुटलीस. अख्खी झांज होती तिथे, एक ठोका कमी नाही. आणि सईचा पखवाज गेला होता.

मी गजर पूर्ण होईपर्यंत तशीच बसले. तेजलबेनने पाणी दिलं. मी म्हटलं, हेच द्या, आणि घरी आले.

इकडे अजून थंडी नाही. सुरमई महाग आहे म्हणून बांगड्यांवर भागवतो आहोत. हे रिटायर झाल्यापासून बाजार आणतात आणि मासेवालीने फसवलं की तिचीच बाजू घेऊन मला समजावतात. दत्ताच्या देवळात आज आपल्या मंडळाचं भजन आहे. सपनावर ओरडायचं बंद केलं आहे, बिचारीच्या बोटांना घट्टे पडले होते. काल तिला बोलावून गरम तेल लावून दिलं आणि "तुझं काही चुकत नव्हतं" म्हटलं. ती रडायला लागली, मग मला तिला रागवावं लागलं.

रोज दुपारी रेकॉर्डिंग ऐकते. प्रत्येक अभंग दोनदा लावते. एकदा हेडफोन सरळ घालून, सईसाठी. मग उलटे घालून, तुझ्यासाठी. वेळ दुप्पट जातो, पण दुपारी मला दुसरं काय काम असतं.

हे कुणाला सांगत बसू नकोस. सांगण्यासारखं काही नाहीच.

तुझी,
ताई


कांजूरमार्ग,
२९ डिसेंबर २०२५

नंदू,

खुशाली शेवटी विचारते. आधी काम.

सिद्धेश तुला फोन करणार आहे. तो चिडलेला आहे, आणि चिडला की बापावर जातो, तोंडाला येईल ते बोलतो. मी त्याला देवाची शपथ घातली आहे की हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत थांब. सातेरीचं नाव घेतल्यावर थांबेल. तू हे सड्यावर नेऊन वाचू नकोस, घरात बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

माझा डावा कान गेला आहे.

लिहिलं एकदाचं. दोन पत्रं मी तुला अंबाड्यापासून बांगड्यांपर्यंत सगळं लिहिलं आणि हे तेवढं टाळलं. फोनवर बोलले असते तर तू ओळखलं असतंस, म्हणून रेंजला शिव्या दिल्या. रेंज चांगली होती गं. मी फोन डाव्या कानाला धरत होते, सवयीने.

पकडलं मला श्रुतिकाने. मी दुपारी उलटे हेडफोन घालून बसले होते, त्यांवर कोणती बाजू कुठली ते छापलेलं असतं. तिने ते बघितलं. दुसऱ्या दिवशी "आई, जरा मुलुंडला जाऊन येऊ" म्हणून घेऊन गेली ती सरळ कानाच्या डॉक्टरकडे. मी तिला घरात साहेबाची चमची म्हणायचे. आता म्हणणार नाही.

डॉक्टरने बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज लावले. उजव्याला सगळे आले, वरचे थोडे गेले. डाव्याला खोलीत कुणी नाहीच. मग डॉक्टरने विचारलं, "तुम्ही कारखान्यात होता का? मशीनजवळ?" मी म्हटलं, घरीच असते. श्रुतिका म्हणाली, "आई, झांजेचं सांगा ना." मी तिचा हात दाबला. तिने तरी सांगितलंच. किती वर्षं, कुठल्या बाजूला, किती जवळ, सगळं.

डॉक्टर म्हणाला, कानाच्या आतली शीर मोठ्या आवाजाने हळूहळू सुकत जाते, ती परत येत नाही, डाव्याला यंत्राचाही उपयोग नाही. आता उजवा सांभाळा.

घरी येऊन सिद्धेशला कळलं आणि तो उसळला. "काकीच्या झांजेने आईचा कान गेला," हे त्याचं वाक्य. तो तुला हेच सांगणार आहे, म्हणून त्याच्या आधी मी सांगते. पुढे म्हणाला, "बस झालं आता. पेटी विकून टाकू. बारी रद्द करायला मीच सांगतो मंडळाला. एवढे चांगले हेडफोन आहेत, आई, घरी बसून ऐक ना."

घरी बसून ऐक. त्याला वाटतं, ऐकणं आणि गाणं एकच आहे. पोरगा मायेने बोलतो म्हणून मी तेव्हा भांडले नाही.

आता तुझं सांगते. तू हे वाचशील. जेवण करशील, कोंबड्या कोंडशील आणि मग झांज विहिरीत टाकायला जाशील. मी तुला लग्न होऊन आलीस तेव्हापासून ओळखते. तिथेच थांब.

आठवतं का, आपली पहिली डबलबारी, भांडुपच्या मंडपात? समोरच्या बायका मुरलेल्या, माणसं शिट्ट्या मारत होती, स्पीकर कर्कश. गजर चढला आणि माझी लय सुटली. समोरची बुवा पदराआडून हसली. तेव्हा तू सरकलीस, डोळे मिटलेस आणि झांज माझ्या कानाशी आणून वाजवायला लागलीस. मला दुसरं काही ऐकू येईना, फक्त लय. त्या लयीला धरून मी वर चढले आणि बारी मारली. घरी येताना तू विचारलंस, "ताई, कानाक लागला काय गो?" मी काय म्हणाले होते? म्हणाले होते, "पुढच्या वेळी अजून जवळ आण."

तू विसरली असशील. मी विसरले नाही. त्यानंतर प्रत्येक गजराला तू अजून जवळ आणलीस, कारण मी सांगितलं होतं. आणि त्यानंतर एकाही बारीत माझी लय सुटली नाही. तो कान कुणी नेला नाही, नंदू. मी तो गजरांत खर्च केला आणि त्याचं पुरेपूर मिळालं मला. तुझ्या झांजेला कुणी बोल लावलेला मला चालणार नाही, सिद्धेशने नाही आणि तूही नाही.

भीती वाटते का? वाटते. उजवाही गेला तर काय, ह्या विचाराने दोन दिवस जेवण गेलं नाही. हे यांना सांगितलं नाही, तुला सांगते. पण घरात बसून कान सांभाळायचा तर तो कशासाठी सांभाळायचा, हे मला कळेना. मासेवालीची फसवाफसवी ऐकायला?

म्हणून मी ठरवलं आहे. बारी होणार आणि पेटीवर मी बसणार. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी कानात घालायचं रबरी बूच मिळतं, आवाज कमी करतं पण सूर मारत नाही. तेजलबेनने मागवून दिलं. ते मी उजव्या कानात घालणार. सईला जरा मागे सरकवणार. श्रुतिकाने मोबाईलमध्ये काहीतरी केलं आहे, त्याने दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो. आता सई आणि तू एकदमच ऐकू येता, जरा दाटीवाटीने, चाळीतल्या खोलीत राहायचो तशा. आवाज हळू ठेवून रोज सराव करते. हेडफोन उलटे घालायची गरज राहिली नाही, तरी कधीकधी घालते.

सिद्धेशला काल हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, लय कशी धरशील? ऐकूच येणार नाही." मी म्हटलं, बघून धरीन. सपनाला समोर बसवून करून बघितलं. वाट लागली. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते, दोघी एकमेकींसाठी थांबतो. तू डोळे मिटून वाजवतेस, कुणासाठी थांबत नाहीस.

पण तेव्हाच एक गोष्ट कळली. शेवटी कंटाळून मी सपनाला म्हटलं, ये, डावीकडे बस आणि काकीसारखी कानाशी आण. ती घाबरत होती. आणली. ऐकू काहीच आलं नाही. पण झांज मिटली की वारा सुटतो ना, तो कानाच्या पाळीला लागला. एकदा, दोनदा, मग सारखा. सपनाचा वारा मागेपुढे होतो. तुझा होणार नाही.

सिद्धेश दारात उभा राहून बघत होता. गजर झाला, लय सुटली नाही. तो आत निघून गेला आणि थोड्या वेळाने येऊन विचारलं, "काकी येईल का पण?" मी म्हटलं, तुझ्या फोनवर अवलंबून आहे. तर आता त्याचा फोन आला की नीट बोल, तो निम्मा वळला आहे.

माघी गणेशजयंती बावीस जानेवारीला आहे. आदल्या आठवड्यात ये, सरावाला दिवस लागतील. भाऊजींना घेऊन ये, कंबरेला इथे दाखवू. कोंबड्या शेजारणीकडे दे. पाहुणी म्हणून येऊ नकोस, झांज घेऊन ये, घासलेली असो वा नसो. तुला वाटेल उजवीकडे बसावं, चांगल्या कानाशी, किंवा लांब कुठेतरी मागे. ते चालणार नाही. जागा बदलायची नाही. डावीकडेच बस, आणि गजर चढला की नेहमीसारखी कानाशी आण. घाबरू नकोस. तिथे आता बिघडायला काही उरलेलं नाही, नुसता वारा लागतो, तेवढा मला पुरे आहे.

अजून जवळ आण.

तुझी,
ताई